सही-शिक्क्याचं चित्र

शिक्का सहीच्या शेजारी मारायचा नसतो. तो सहीवर थोडा चढवून मारायचा, म्हणजे दोघं एकमेकांना धरून राहतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं आणि पुढे सगळी नोकरी मी ते पाळलं. रत्नागिरीतल्या आमच्या कार्यालयात शिक्का नसलेला कागद म्हणजे कागदच नव्हे. लोकही तसेच. दाखला हातात पडला की माणूस आधी तो उजेडाकडे धरून शिक्का बघतो, मजकूर मागाहून. मी ज्या चुकीबद्दल लिहिते आहे ती या सवयीतून झाली. कुणाच्या आळसातून नव्हे. मी ती नीट विचार करून, मेहनतीने केली.

आमच्याकडे पहिला संगणक अठ्ठ्याण्णव साली आला आणि सहा महिने साहेबांच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आवरणाखाली बसून राहिला. धुळीने बिघडेल या भीतीने त्याला कोणी हात लावत नसे. मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेली कार्यालयात मी एकटी, म्हणून शेवटी तो माझ्या टेबलावर आला. तेव्हा मी पस्तिशीची होते. दोन महिन्यांत टंकयंत्र कपाटावर गेलं आणि कुठल्याही कागदाची दुसरी प्रत काढायची म्हणजे सगळं पुन्हा बडवायचं, हा छळ संपला. मला संगणक आवडला. यात लपवण्यासारखं काही नाही.

काही वर्षांनी प्रत्येक कार्यालयाने आपलं संकेतस्थळ काढावं असा आदेश आला. पुण्याच्या एका माणसाने ते बनवून दिलं, मला दोन तास शिकवलं आणि तो गेला. तिथून सूचना टाकणं माझं काम झालं. आमच्याकडे अधूनमधून लिपिकांची भरती निघे, तेव्हा या कामाला जोर यायचा.

सुरुवातीला मी सूचना सरळ मराठीत टाइप करून टाकायची. लगेच फोन सुरू झाले. माझ्या संगणकावर होता तो फॉन्ट लोकांच्या संगणकावर नसे, त्यामुळे तिकडे सगळी विचित्र चिन्हं दिसायची. "मॅडम, साईटवर कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतं," असं एक चिपळूणचा माणूस म्हणाला. ते एक. दुसरं असं की एक उमेदवार घरून सूचनेची छापील प्रत घेऊन आला, तेव्हा साहेबांनी ती उलटसुलट करून विचारलं, "यावर सही कुठाय? असलं तर कोणीही टाइप करील."

दोन्हींवर उपाय मी काढला. सूचना छापायची, साहेबांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि मग तो अख्खा कागद स्कॅन करून त्याचं चित्र साईटवर टाकायचं. फॉन्टची भानगड मिटली. कुठल्याही संगणकावर कागद जसाच्या तसा, सहीशिक्क्यासकट दिसू लागला. साहेब खूश झाले. शेजारच्या दोन कार्यालयांतले लोक पद्धत बघायला आले. आमचा आवक-जावक सांभाळणारा कारकून मात्र टोमणे मारायचा.

"बाई, आता घरी आमटीचा पण फोटोच काढा. ऊन राहते म्हणतात."

"तुम्ही आधी कालचं टपाल नोंदवा," मी म्हणायची.

आणखी एक नियम आमच्याकडे होता, तोही सांगायला हवा. सूचना फोनवर वाचून दाखवायची नाही. पूर्वी एकदा कोणीतरी फोनवर चुकीची तारीख सांगितली आणि आंजर्ल्याचा एक उमेदवार तीन गाड्या बदलून भलत्याच दिवशी येऊन उभा राहिला. त्याने पायरीवर बसून जो तमाशा केला तो अख्ख्या आवाराने ऐकला. त्यानंतर साहेबांनी नियम केला, आणि तो मला पटलाही. तोंडी शब्दाला जबाबदार कोण?

दोन हजार सालानंतर सातआठ वर्षांनी अशीच एक भरती निघाली. त्यात एक जागा दृष्टिहीनांसाठी राखीव होती. त्या जागेसाठी लेखी परीक्षा देऊन पास झालेली व्यक्ती एकच होती, पालीची एक बाई. त्यांची माहिती मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली, ती इथे एकत्र सांगते. शाळेत असतानाच त्यांची नजर गेली होती. मुंबईला अंधांच्या संस्थेत राहून शिकल्या, तिथेच बरीच वर्षं हंगामी टेलिफोन ऑपरेटर होत्या. आई गेली तेव्हा पालीला परतल्या. वडिलांचं कोल्हापूर रस्त्यावर वाणसामानाचं छोटं दुकान होतं. घरात दोघंच. बाई माझ्याच वयाच्या होत्या. अपंगांना वयात जी सवलत असते ती धरूनसुद्धा त्यांचं हे शेवटचं वर्ष होतं. यानंतर कुठल्याही सरकारी भरतीत त्यांना अर्ज करता येणार नव्हता.

त्यांच्याकडे संगणक होता आणि त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम. रोज सकाळी त्या आमची साईट उघडून ऐकायच्या. कारण परीक्षेच्या सूचनेच्या शेवटी एक ओळ होती, ती मीच टाइप केली होती: पुढील सर्व सूचना केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध होतील, उमेदवारांशी स्वतंत्र पत्रव्यवहार केला जाणार नाही. परीक्षेनंतर राहिली होती फक्त कागदपत्रांची तपासणी. मूळ दाखले घेऊन एका ठरलेल्या दिवशी हजर राहायचं. गैरहजर राहील तो बाद.

तपासणीची सूचना मी तयार केली. तीन पानं झाली. सही, शिक्का, स्कॅन. दुपारपर्यंत साईटवर टाकली आणि मग फोन सुरू झाले. त्यातला एक त्यांचा होता.

"नवी सूचना आलेली आहे, पण मला ती वाचता येत नाहीये. जरा वाचून दाखवाल का?"

"फोनवर वाचून दाखवत नाही आम्ही."

"सगळी नको. कुठे हजर राहायची तारीख असेल तर तेवढीच सांगा."

"एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं. साईटवर स्पष्ट आहे. सहीशिक्क्यासकट आहे."

"शिक्का नको हो मला. मजकूर हवाय."

मला वाटलं, शहाणपणा करते आहे. "शिक्क्याशिवाय मजकुराला काय अर्थ?" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांनी आपण अंध असल्याचं सांगितलं नाही. पुढे एकदा मी त्यांना याबद्दल विचारलं. "सांगितलं की लोक म्हणतात, घरातल्या कोणाकडे तरी फोन द्या," त्या म्हणाल्या. "घरात कोणी असतं तर फोन कशाला केला असता?"

तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात बाक टाकले होते. मी बैठक क्रमांक पुकारत होते. त्यांचा क्रमांक नियमाप्रमाणे तीनदा पुकारला. कोणी उठलं नाही. मी त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘अनुपस्थित’ लिहिलं आणि पुढचा क्रमांक घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघं आली. बाईंच्या हातात पांढरी काठी, खांद्याला कागदपत्रांची पिशवी. वडील सत्तरीच्या पुढचे, टोपी काढून हातात धरलेली. ते आधी बोलले.

"मी हेदवीस गेलेलो. मेव्हण्याचं बारावं होतं. चार दिवस घरात वाचणारं कोण नाय. काल सांजचा आलो नि ही म्हणाली, बाबा, जरा बघा काय आलंय. बघतो तर कालचीच तारीख."

"शेजारी नव्हतं का कोणी?" मी विचारलं.

"शेजारच्या वहिनींना बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी बघितलं. शिक्का आहे म्हणाल्या. नावं कोणाचीच नाहीत, नुसते आकडे आहेत म्हणाल्या. तारीख त्यांना सापडली नाही."

ती सापडण्यासारखी नव्हतीच. पहिल्या पानावर संदर्भ आणि शासन निर्णय, मग बैठक क्रमांकांचा तक्ता, आणि तारीख तिसऱ्या पानावर, सातव्या परिच्छेदाच्या मधोमध. आमच्याकडे सूचना अशाच लिहितात. मीही तशीच लिहिली होती.

आवाज ओळखल्यासारखा त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मग पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, त्यात तो वाचणारा प्रोग्राम होता. "साईट तुम्ही टाकता ना? तुमच्या संगणकाला स्पीकर आहे?"

होता. आवक-जावकवाल्याने क्रिकेट ऐकायला जोडला होता. त्यांनी पेन ड्राइव्ह चाचपून लावला आणि माझ्या खुर्चीत बसल्या. माऊसला त्यांनी हातही लावला नाही, सगळं कळफलकावरून. आधी एका मराठी वर्तमानपत्राची साईट उघडली. स्पीकरमधून एक यांत्रिक आवाज भराभर बातमी वाचू लागला. हिंदी माणसाने मराठी वाचावी तसा, ‘ळ’चा ‘ल’ करत, पण शब्दन् शब्द कळत होता. मग त्यांनी आमची साईट उघडली.

"ग्राफिक. स्कॅन झीरो फोर सेव्हन. ग्राफिक. स्कॅन झीरो फोर सिक्स. ग्राफिक. स्कॅन झीरो फोर फाइव्ह."

आवक-जावकवाला हसला. आवाज थांबेना. माझी एकेक सूचना येत होती, कालची, मागच्या महिन्यातली, गेल्या वर्षाची, आणि प्रत्येकीबद्दल यंत्र तेवढंच सांगत होतं. तो हसायचा थांबला.

"रोज सकाळी मी एवढं ऐकते," बाई म्हणाल्या. "आकडा एकाने वाढला की कळतं, काहीतरी आलंय."

त्यांना ते समजावून सांगायची गरज पडली नाही. मी कागदाचं चित्र टाकत होते. चित्रात अक्षरं असतात ती डोळ्यांसाठी. यंत्राच्या दृष्टीने ते चित्र देवळाचं काय आणि आंब्याच्या पेटीचं काय, सारखंच.

साहेबांच्या खोलीत मी त्यांच्याबरोबर गेले. साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मला पूर्ण सहानुभूती आहे, बाई."

"सहानुभूती नको, साहेब. एक दिवस द्या. दाखले सगळे बरोबर आहेत, आत्ता बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"यादी वर गेली."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर."

यादी वर गेलेली नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात होती, सोबतच्या पत्रावर सही व्हायची होती. साहेबांना हे माहीत होतं आणि मलाही.

"मी फोन केला होता," बाई म्हणाल्या. "सूचना आली त्याच दिवशी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "फोन आला होता?"

"सूचना लागली की दिवसाला चाळीस फोन येतात, साहेब," मी म्हणाले.

बाई सावकाश माझ्या बाजूला वळल्या. "आवाज हाच होता. शिक्क्याशिवाय मजकुराला काय अर्थ, असं म्हणाला होतात."

वर पंखा फिरत होता. साहेबांनी कागदावरचं वजन उगाच इकडचं तिकडे ठेवलं. "लेखी अर्ज द्या," ते म्हणाले, "विचार करू."

अर्ज त्यांनी घरूनच छापून आणला होता. बाहेर आवक-जावकवाल्याने त्याची नोंद केली आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. वडिलांनी ती प्रत हातात घेऊन नीट बघितली. त्यांचा चेहरा जरा खुलला. "शिक्का बसलाय. आता काय ते करतील. चल गो."

बाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

अर्जाला उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: सदर सूचना संकेतस्थळावर विहित मुदतीत प्रसिद्ध करण्यात आली होती. आपण तपासणीस अनुपस्थित राहिल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फोनचा उल्लेख नव्हता, कारण फोनची नोंद आमच्याकडे ठेवत नसत. साहेबांनी वाचून सही केली. मी शिक्का मारला, सहीवर थोडा चढवून.

मला वेगळं लिहिता आलं असतं. अर्जदाराने दूरध्वनीवरून विचारणा केली होती आणि ती आपण नाकारली, असं टिपणीत एक वाक्य घातलं असतं तर साहेबांना निदान वर विचारावं लागलं असतं. यादी तोवर खणातच राहिली असती. पण एकाला संधी दिली तर बाकीचे गैरहजरही मागतील, आणि त्याच महिन्यात माझ्या पदोन्नतीची फाईल फिरत होती. ही दोन कारणं होती. पहिलं साहेबांचं, दुसरं माझं. तेव्हा मी स्वतःला पहिलंच सांगितलं.

यादी दुसऱ्या दिवशीच्या टपालाने गेली.

त्यानंतर मी साईट दुरुस्त करायला घेतली. त्यात मोठेपणा काही नाही. दोष कळल्यावर तसंच काम करत राहणं मला जमत नाही, एवढंच. कुठल्याही संगणकावर उमटेल आणि यंत्राला वाचता येईल असं मराठी टाइप करायची सोय आता झाली होती, फक्त आमच्याकडे ती कोणी वापरत नव्हतं. कळांची मांडणी वेगळी होती. पंधरा दिवस माझी बोटं अडखळली. मग मी साहेबांना सांगायला गेले की यापुढे सूचना अक्षरांत टाकू, आणि सहीशिक्क्याचं चित्र सोबत ठेवू.

"दोन दोन कशाला? उद्या दोहोंत फरक पडला तर खरी कुठली?"

"स्वाक्षरीची प्रत ग्राह्य, अशी ओळ घालते."

"आदेश आहे का तसा?"

"नाही. पण चित्रच टाका, असाही आदेश नव्हता."

साहेबांनी पुढची फाईल ओढली. मग म्हणाले, "तुम्हाला हौस आहे तर करा. तक्रार आली तर मला सांगू नका."

ते चालणार होतं. पण बरोबर झालं की नाही हे तपासणार कोण? मला दिसतं, त्यामुळे मला सगळं बरोबरच वाटायचं. कार्यालयात डोळे मिटून ऐकणारं कोणी नव्हतं. अर्जावर पालीचा नंबर होता. दोन दिवस मी तो समोर ठेवून काम केलं आणि तिसऱ्या दिवशी लावला. वडिलांनी उचलला. "कार्यालयातनं फोन आहे," असं ओरडले तो आवाज मला ऐकू आला, आणि त्यांना काय वाटलं असेल तेही कळलं. म्हणून बाई फोनवर आल्या तशी मी आधी सांगितलं, "तुमच्या अर्जाबद्दल नाही."

"मग?"

"साईटवरच्या सूचना अक्षरांत टाकते आहे. तुमच्या यंत्रावर ऐकून चुका सांगाल का?"

नाही म्हणतील असं मला वाटलं, आणि म्हणाल्या असत्या तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

"टाका," त्या म्हणाल्या. "बघते."

आता पहिली सूचना कुठली टाकायची हे माझ्या हातात नव्हतं. जी पुढे येईल ती. आली ती त्याच भरतीची अंतिम निवड यादी. प्रवर्ग, जागा, निवड झालेल्यांचे क्रमांक, असा तक्ता होता. मी तो घर घर करून टाइप केला. वरच्या ओळी भरल्या. शेवटून दुसरी ओळ होती ती दृष्टिहीनांची. वरून आलेल्या कागदावर जे होतं तेच मला टाइप करायचं होतं. मी ते टाइप केलं, यादी साईटवर चढवली आणि सहीचं चित्र त्याखाली जोडलं. पालीला फोन मी स्वतःहून केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच आला.

"वाचता आलं," त्या म्हणाल्या. "सगळं वाचतंय. पण तक्त्यात घोळ आहे. चौथ्या ओळीनंतर रकाने सरकतात. कुठला आकडा कुठल्या प्रवर्गाचा ते कळत नाही. एका ओळीत दोन घरं तुम्ही एकत्र केलीत बहुतेक."

मी उघडून बघितलं. केली होती. कागदावर ते छान दिसत होतं म्हणून.

"थांबता का जरा? करून देते."

"थांबते."

मी ती घरं सुटी केली, तक्ता पुन्हा चढवला. आवक-जावकवाला समोरच्या टेबलावर टपाल लावत होता, तो हात थांबवून बघत बसला. "आता बघा," मी म्हटलं. पलीकडे कळांचा आवाज आला, आणि मग तो यांत्रिक आवाज, लांबून, एकेक ओळ वाचत. प्रत्येक ओळीत आधी प्रवर्ग, मग जागा, मग क्रमांक. कुठेही अडखळला नाही.

"दृष्टिहीन. एक. पात्र उमेदवार उपलब्ध नाही. पद रिक्त."

"हां," बाई म्हणाल्या. "आता बरोबर वाचतंय."